पुरुमेंत करून निघणारा ससाणा

वास्को द गामा आपल्या शाळेच्या पुस्तकात भेटतो तो कालिकतच्या किनाऱ्याला लागेपर्यंतच. तो परत कसा गेला याबद्दल पुस्तक गप्प असते. खरे म्हणजे गोव्याच्या माणसाला ते ठाऊक असायला हवे, कारण त्याचा परतीचा खरा प्रवास सुरू झाला तो अंजदीव बेटावरून. कारवारसमोर दिसणारे हे बेट कागदोपत्री आजही आपल्या काणकोण तालुक्यात मोडते.

५ ऑक्टोबर १४९८ रोजी त्याच्या तीन गलबतांनी अंजदीवहून शिडे उभारली. येताना हाच समुद्र त्यांनी सहज ओलांडला होता. मालिंदीहून २४ एप्रिलला निघाले आणि १८ मे रोजी मलबारचे डोंगर दिसले, म्हणजे अवघे चोवीस दिवस. परत जाताना लागले एकोणनव्वद! कधी वारा पडलेला, कधी वारा तोंडावर. पाणी मोजून-मापून प्यायचे. हिरड्या सुजून दातांवर चढल्या, पाय फुगले. स्कर्व्हीने तीस माणसे वाटेतच गेली आणि २ जानेवारी १४९९ ला मोगादिशू दिसले तेव्हा एकेका गलबतावर हातपाय हलवू शकतील अशी सात-आठ माणसे उरली होती. त्याच सफरीवरच्या एकाने लिहून ठेवलेल्या रोजनिशीत हे सगळे आहे. पुढे खलाशीच पुरेनात म्हणून 'साव राफाएल' हे गलबत आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जाळून टाकावे लागले.

आता दुसरी हकीकत. दर वर्षी नोव्हेंबरात, आपल्याकडे नरकासुर जाळून झाले, तुळशीचे लग्न लागले आणि जुन्या गोव्यातल्या नोव्हेनाची तयारी सुरू झाली की साधारण याच किनाऱ्यावरून एक पाखरू त्याच सोमालियाकडे निघते. वजन शंभर ते दीडशे ग्रॅम, म्हणजे आपल्या पोदेराकडच्या दोन-तीन उंड्यांएवढे. मध्ये बेट नाही, झाड नाही, पाण्यावर बसायची सोय नाही, कारण ते बदक नव्हे, ससाणा आहे. तो पाण्यावर उतरला की संपला. हा समुद्र तो अडीच-तीन दिवसांत पार करतो. याचे नाव अमूर ससाणा.

गामाचे एकोणनव्वद दिवस आणि या पाखराचे तीन, ही तुलना मी माणसाला हिणवण्यासाठी करत नाही. जहाज आणि पक्षी यांचा वेग वेगळा, हे कोणालाही कळते. पण गामा नेमका कशात फसला आणि ससाणा नेमका कशामुळे तरतो, हे शेजारी ठेवून पाहिले की 'दमसास' या शब्दाचा अर्थच बदलून जातो. आपल्याला वाटते, एवढे लांब उडायचे म्हणजे पंखांत केवढी ताकद हवी! ताकद तर हवीच. पण निम्मा दम पंखाबाहेर असतो. तो असतो वाऱ्यात, आणि निघण्याआधीच्या मुक्कामात.

आधी वाऱ्याचे पाहू. अरबी समुद्रावरचा वारा वर्षातून दोनदा दिशा बदलतो. उन्हाळा संपता संपता तो आफ्रिकेकडून आपल्याकडे वाहू लागतो, आणि पावसाळा आटोपून थंडीची चाहूल लागली की आपल्याकडून आफ्रिकेकडे. हे आपल्या किनाऱ्यावरच्या तांडेलांना, अरबांना, गुजरातच्या व्यापाऱ्यांना शतकानुशतके ठाऊक होते. अरबीतला 'मौसिम' म्हणजे ठरावीक वेळ. त्यावरून पोर्तुगेजांचा 'मोंसांव' आला, त्यावरून इंग्रजांचा मॉन्सून आला आणि आपला 'मोसम'ही त्याच घरचा. गामाच्या काळातला प्रसिद्ध अरब नावाडी इब्न माजिद याने कुठल्या बंदरातून कुठल्या दिवसांत निघावे याचे आडाखे ग्रंथातच घालून ठेवले होते. येताना गामाने मालिंदीहून वाटाड्या घेतला होता, म्हणून वाऱ्याची वेळ साधली. परतताना सामुतिरीशी बिनसलेले, ऑगस्टच्या अखेरीस कालिकत सोडलेले, अंजदीवला गलबतांची डागडुजी केली आणि वारा फिरण्याची वाट न पाहता निघाला. तेव्हाचे पंचांग जुने होते. आजच्या हिशेबाने त्याची निघण्याची तारीख १४ ऑक्टोबर येते. ईशान्येचा वारा नीट बसायला अजून अवकाश होता. महिनाभर तो अंजदीवच्या झऱ्याचे पाणी पीत बसला असता, तर कदाचित ती तीस माणसे लिस्बन बघती.

ससाणा मात्र महिनाभर थांबतो. कुठे, ते पुढे सांगतो. त्याआधी हे सगळे माणसाला कळले कसे, हीसुद्धा एक मजेदार गोष्ट आहे.

पाखरे हंगामात येतात आणि हंगाम संपला की नाहीशी होतात, हे सगळ्या जगाने पाहिले होते. ती जातात कुठे याचा पत्ता मात्र कुणाला नव्हता. ॲरिस्टॉटलसारख्या थोर माणसानेही काही पाखरे थंडीत बिळांत लपून झोपतात आणि काही चक्क दुसऱ्या जातीच्या पाखरात बदलतात असे लिहून ठेवले. सतराव्या शतकात चार्ल्स मॉर्टन नावाच्या इंग्रजाने तर पक्षी चंद्रावर जातात असे प्रतिपादन केले. हसू नये. आपणही चातक पावसाचा थेंब सोडून दुसरे पाणी पीत नाही असे म्हणत आलो आणि तो वर्षाचे उरलेले महिने काय करतो हे कधी विचारले नाही. मृगाच्या सुमारास येणाऱ्या या चातकांपैकी बरेचसे आफ्रिकेतून, त्याच नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर स्वार होऊन येतात. कवींनी त्याला पावसाशी जोडला ते बरोबरच होते, फक्त पत्ता अर्धाच लिहिला होता.

पहिला सज्जड पुरावा मिळाला तो १८२२ साली जर्मनीत. क्ल्युट्झ या गावाजवळ एक करकोचा मारला गेला. त्याच्या मानेतून आरपार एक लांब बाण गेलेला, आणि तो बाण आफ्रिकी बनावटीचा! म्हणजे आफ्रिकेत कुणी तरी बाण मारला, तो मानेत घेऊन हा पक्षी समुद्र आणि डोंगर ओलांडून घरी आला, आणि घरी आल्यावर बंदुकीच्या गोळीने मेला. हा करकोचा अजूनही रोस्टोक विद्यापीठात पेंढा भरून ठेवलेला आहे. पक्ष्यांच्या चिकाटीवर एवढे बोलके स्मारक दुसरे नसेल.

पुढे १८९९ मध्ये डेन्मार्कमधल्या व्हीबोर्गच्या मोर्टेन्सन नावाच्या शिक्षकाने साळुंकीच्या जातीच्या पाखरांच्या पायात ॲल्युमिनियमच्या क्रमांक घातलेल्या कड्या अडकवायला सुरुवात केली. मी सरकारी कारकून असल्यामुळे मला ही कल्पना फार जवळची वाटते. कडी म्हणजे जावक क्रमांक. पाखरू गेले की नोंदवहीत लिहायचे आणि पोच यायची वाट बघायची. पोच बहुतेकदा येतच नाही. शेकड्यांनी कड्या घालाव्या तेव्हा एखाद-दुसऱ्या कडीची खबर कुठून तरी येते, आणि तीही बहुधा पाखरू मेल्यावर.

आपल्या देशात हे काम सुरू झाले ते एका मराठी संस्थानात, ही गोष्ट फारशी कोणाला माहीत नसते. माळव्यातल्या धारच्या पवारांच्या संस्थानात १९२० च्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कड्या बदकांच्या पायांत घातल्या गेल्या. संस्थानिक आणि बदके म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर शिकारीचे फोटो येतात. इथे बदक धरून, कडी घालून, सोडून दिले जात होते. कडीवर मुंबईच्या सोसायटीला कळवा अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर असे. सैबेरियातल्या एखाद्या शिकाऱ्याला तो वाचून काय वाटले असेल कोण जाणे!

मोठ्या प्रमाणावर काम मात्र वेगळ्याच कारणाने झाले, आणि ते कारण सत्तरीतल्या वाचकांना चांगलेच ठाऊक आहे. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या रानात माकडे मरू लागली आणि माणसांना रक्तस्रावी ताप येऊ लागला. हाच आपला माकडताप. याचा विषाणू सैबेरियाच्या बाजूला आढळणाऱ्या एका तापाच्या विषाणूच्या कुळातला निघाला. मग शंका आली की तिकडून येणाऱ्या पाखरांच्या अंगावरच्या गोचिडींबरोबर तो आला की काय. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने डॉ. सालीम अली यांच्या देखरेखीखाली १९५९ च्या सुमारास पक्षी धरून कड्या घालण्याचा मोठा प्रकल्प उभा राहिला. पाखरांवरचा तो आरोप काही शाबीत झाला नाही. पण त्या निमित्ताने हजारो पक्ष्यांच्या पायात कड्या पडल्या आणि कोणता पक्षी कुठून येतो याची पहिली भरवशाची यादी आपल्या हाती आली. पुढे परदेशी लष्करी पैशावरून बराच गदारोळ झाला, तो वेगळा विषय. माकडताप स्वतः मात्र सरकत सरकत २०१५ मध्ये आपल्या सत्तरीत पोचला आणि काजूच्या बागेत जाणाऱ्या गरीब माणसांचा त्याने जीव घेतला.

तर कडीने एवढे कळले की पाखरू इथून निघाले आणि तिथे पोचले. मधल्या वाटेत काय झाले, ते थांबले का, कुठे थांबले, हे कडी सांगू शकत नव्हती. त्यासाठी उपग्रहाशी बोलणारे, पाखराला झेपेल एवढे हलके यंत्र हवे होते. ते आल्यावर जी पहिली मोठी थप्पड शास्त्रज्ञांना बसली ती २००७ मध्ये, गॉडविट नावाच्या लांब चोचीच्या चिखलपक्ष्याकडून. (या जातीचे काही पक्षी थंडीत आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही उतरतात.) न्यूझीलंडमध्ये यंत्र बसवलेली 'ई-७' नावाची एक मादी त्या वर्षी ३० ऑगस्टच्या सुमारास अलास्काहून निघाली आणि आठ दिवसांनी न्यूझीलंडला उतरली. साडेअकरा हजार किलोमीटरहून जास्त अंतर, सगळा पॅसिफिक महासागर, आणि मध्ये एकही थांबा नाही! २०२२ मध्ये तर याच जातीच्या पाच महिन्यांच्या पिलाने अलास्काहून थेट टास्मानिया गाठले: १३,५६० किलोमीटर, अकरा दिवस. त्याने ही वाट आधी कधी पाहिलेलीच नव्हती. आपल्याकडे पाच महिन्यांचे पोर पालथे पडले की पेढे वाटतात.

हे शरीराला जमते कसे? याचे उत्तर एका अपघातातून मिळाले. १९८७ च्या ऑक्टोबरात अलास्काच्या टोकाला रडारच्या घुमटावर आदळून काही गॉडविट मेले. ते नुकतेच लांबच्या प्रवासाला निघालेले होते. शास्त्रज्ञांनी त्यांना उघडून पाहिले तर निम्म्याहून जास्त वजन निव्वळ चरबीचे होते, आणि जठर, आतडी, यकृत आकसून एवढेसे झालेले. म्हणजे खाऊन खाऊन फुगायचे, आणि निघायची वेळ आली की खाण्याची यंत्रणाच आटवून टाकायची. आठ दिवस जेवायचेच नाही तर चूल कशाला न्यायची! झोपेचे कोडे अजून सगळ्या पक्ष्यांबाबत सुटलेले नाही. पण गॅलापागोस बेटांवरच्या फ्रिगेट पक्ष्यांच्या डोक्यावर छोटी यंत्रे बसवून २०१६ मध्ये दाखवले गेले की ते उडता उडताच झोपतात, तेही दिवसाकाठी पाऊण तासाहून कमी.

गोव्यातल्या माणसाला हे समजावून सांगायला फार शास्त्र लागत नाही. आपल्याकडे पुरुमेंत हा शब्द आहे. पाऊस लागण्याआधी सुकी मासळी, सोले, मिरच्या, तांदूळ, कुळीथ, लोणची असे सगळे घरात भरून ठेवायचे, कारण एकदा दर्या खवळला आणि वाटा बंद झाल्या की काही मिळायचे नाही. ज्याने मेमध्ये पुरुमेंत केले त्याचा पावसाळा सुखाचा. पाखराचेही तसेच. फक्त त्याचे कोठार त्याच्या कातडीखाली असते आणि ते पाठीवर घेऊन उडावे लागते. वास्को द गामाकडे बिस्किटे होती, खारवलेले मांस होते, पण ताजे लिंबू-संत्रे नव्हते. त्याचे पुरुमेंत चुकले.

आता पुन्हा आपल्या ससाण्याकडे. अमूर ही रशिया आणि चीनच्या सीमेवरची मोठी नदी. त्या भागात, मंगोलियात आणि उत्तर चीनमध्ये हा उन्हाळ्यात पिले वाढवतो. थंडी घालवतो दक्षिण आफ्रिकेच्या माळांवर. जाऊन-येऊन वर्षाला वीस हजार किलोमीटरच्या वर. ऑक्टोबरात हे थवे ईशान्य भारतात, नागालँड-मणिपूरच्या डोंगरांत उतरतात. तिथे पावसाळा संपल्यावर वारुळांतून पंख फुटलेली वाळवी ढगासारखी बाहेर पडते. त्यावर हे तुटून पडतात. महिनाभर खायचे, रात्री हजारोंनी एकाच राईत झोपायचे, आणि नोव्हेंबरात वारा फिरला की निघायचे. बंगालचा उपसागर किंवा बांगलादेश, मग आंध्र-तेलंगण, कर्नाटक, महाराष्ट्र किंवा गोवा, आणि मग अरबी समुद्र. मी नकाशावर पट्टी ठेवून मोजले. नागालँड ते गोवा सरळ रेषेत चोवीसशे किलोमीटर, गोवा ते सोमालियाचा किनारा अडीच ते साडेतीन हजार. हे सगळे अंतर पाच-सहा दिवसांत, बहुतेक एका दमात. म्हणजे आपल्या डोक्यावरून जातो तेव्हा तो निम्मा प्रवास संपवून आलेला असतो आणि अवघड निम्मा पुढे असतो. पणजीला यायला साखळीची बस चुकली म्हणून अर्धी रजा टाकणाऱ्या आम्हा मंडळींनी हे वाचून पुढे सरकावे.

समुद्रावर त्याला खायला काहीच मिळत नाही असेही नसावे. मालदीवमध्ये राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या अभ्यासकाला एक कोडे पडले होते. गोड्या पाण्याचे तळे जिथे जवळपास नाही अशा त्या बेटांवर ऑक्टोबरपासून चतुरांचे थवेच्या थवे कुठून येतात? २००९ मध्ये त्याने मांडले की हे चतुर भारतातून निघून, उंचावरच्या ईशान्येच्या वाऱ्यावर तरंगत आफ्रिकेला जातात. तेच पिवळसर चतुर, ज्यांच्या शेपटीला आपण लहानपणी दोरा बांधत असू! आणि अमूर ससाणा, चातक, नीलकंठाचे भाईबंद हे पक्षी त्याच दिवसांत त्याच वाटेने जातात. वाटेत शिदोरीही उडतच सोबत येते, असा त्याचा तर्क. तो पुरता सिद्ध झाला असे म्हणता येणार नाही, पण मला तो पटतो. परतीची वेळ त्याहून गमतीची. एप्रिल संपता संपता आणि मेच्या सुरुवातीला हे ससाणे आफ्रिकेहून नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर निघतात आणि बहुतेक जण आपल्या उत्तरेला, गुजरातकडे लागतात. गामा मालिंदीहून निघाला ती तारीख आजच्या पंचांगाने ३ मे. वाटाड्या माहितगार होता, हे इथे पुन्हा कळते.

आणि आता तो मुक्काम. नागालँडच्या वोखा जिल्ह्यात दोयांग नदीवर वीजप्रकल्पाचे धरण झाले, ते २००० साली चालू झाले. पांगती आणि आसपासच्या लोथा नागांच्या गावांची चांगली शेती त्या पाण्याखाली गेली. शेती गेली तसे लोक धरणात मासेमारी करू लागले. मासेमारी आली म्हणजे जाळी आली. आणि त्याच पाण्याच्या काठच्या झाडांवर ऑक्टोबरात लाखांनी ससाणे उतरू लागले. पुढचे सांगायला नको. राईच्या वाटेवर उंच बांबूंना मासेमारीची जाळी ताणली की संध्याकाळी आणि पहाटे पाखरे आपोआप अडकत. २०१२ मध्ये रामकी श्रीनिवासन, शशांक दळवी, बानो हारालू, रोकोहेबी कुओत्सू या मंडळींनी तिथे जाऊन चित्रफीत काढली आणि अंदाज मांडला: दिवसाला बारा ते चौदा हजार, एका मोसमात सव्वा लाखाच्या आसपास. सोललेल्या पाखरांचे जुडगे वाहून नेणारी माणसे त्या चित्रफितीत दिसतात. ती पाहून जगभर हळहळ झाली आणि थोडी शिवीगाळही.

शिवीगाळ करणे सोपे आहे. आपल्याकडे पहिल्या पावसात बेडूक, 'जंपिंग चिकन' म्हणून, खाणारे अजून आहेत आणि कायदा आपल्यालाही लागू आहे. पांगतीच्या माणसाला ही पाखरे कुठून आली, कुठे जातात, जगात किती आहेत याची काय कल्पना असणार? ॲरिस्टॉटललाही नव्हती. त्याच्या दृष्टीने धरणाने शेत नेले आणि आभाळाने पाखरे दिली. इतकेच.

मला नवल वाटते ते पुढच्या वर्षाचे. बानो हारालूंसारखी तिथलीच माणसे गावोगाव बसून बोलली. चर्चमधून पाद्र्यांनी सांगितले. शाळेतल्या मुलांना पक्ष्याचा प्रवास शिकवला. ग्रामसभांनी ठराव केले, दंड ठरवला. वनखाते होतेच, पण नुसत्या वनखात्याने हे झाले नसते. आपणा सर्वांना सरकारी फलकांचा उपयोग ठाऊक आहे, आणि ते फलक लिहून देणाऱ्यांपैकीच मी एक! २०१३ च्या मोसमात तिथे एकही जाळे लागले नाही, एकही ससाणा मारला गेल्याची नोंद नाही. ज्यांनी जाळी लावली होती त्यांतल्याच काहींनी राईच्या राखणीसाठी संघटना केली. एका वर्षात सव्वा लाखावरून शून्य. असा आकडा मी तरी दुसऱ्या कुठल्या खात्याच्या अहवालात पाहिलेला नाही.

पण त्यांचे उत्पन्न बुडाले हेही खरे. बघायला येणाऱ्या पाहुण्यांकडून काही पैसे मिळतात, ते सगळ्या घरांत जात नाहीत. शेत गेलेच, पाखरेही सोडली. या सौद्यात पांगतीने दिले पुष्कळ. मिळाले ते मंगोलियाला, दक्षिण आफ्रिकेला, आणि अधे-मधे आपल्याला. पाखरू कुणाचे, हा प्रश्न अशा वेळी फार अवघड होतो.

मुक्काम उठला की काय होते याचा दाखला गॉडविटच्या वाटेवर आहे. न्यूझीलंडहून उत्तरेला जाताना ते चीन-कोरियामधल्या पीत समुद्राच्या चिखलाच्या किनाऱ्यावर उतरून पुरुमेंत करतात. दक्षिण कोरियाने तिथल्या सेमान्गुम खाडीवर तेहतीस किलोमीटरचा बांध घातला. तो २००६ मध्ये पुरा बंद झाला. तिथे उतरणारे, गॉडविटच्याच चालीचे हजारो 'ग्रेट नॉट' पक्षी पुढच्या काही वर्षांत कमी झाले. ते दुसऱ्या किनाऱ्यांवर गेले असतील असे वाटले होते. मोजणी झाली तेव्हा दुसरीकडे ते वाढलेले आढळले नाहीत. पंख तेवढेच होते, दम तेवढाच होता, कोठार भरायची जागा नव्हती. खाजने बुजवून प्लॉट पाडणाऱ्या आपल्या राज्यात हे वाक्य मी मुद्दाम थोडे सावकाश लिहितो आहे. करमळीच्या तळ्याला खेटून रेल्वेचा रूळ गेला तरी बदके अजून येतात, कुडचड्याचे नंदा तळे २०२२ मध्ये रामसर यादीत गेले, हे चांगलेच. खाजनांना मात्र अशी कुठली यादी अजून सापडलेली नाही.

२०१३ च्या त्याच नोव्हेंबरात पांगतीला तीन ससाणे धरून त्यांच्या पाठीवर पाच ग्रॅमची, उन्हावर चालणारी यंत्रे बांधली गेली. डेहराडूनच्या वन्यजीव संस्थेचे शास्त्रज्ञ होते, हंगेरीहून आलेले तज्ज्ञ होते, आणि आदल्या वर्षी जाळी लावणारे गावकरीही बघायला होते. पाखरांची नावे ठेवली नागा, वोखा आणि पांगती. एक जमातीचे, एक जिल्ह्याचे, एक गावाचे. ठिपके नकाशावर पुढे सरकू लागले तेव्हा गावातल्या लोकांना पहिल्यांदा कळले की आपल्या राईतून उडालेले पाखरू भारत ओलांडून समुद्रावर गेले आहे.

असले ठिपके आपल्याला बघायला मिळोत न मिळोत, पाखरे बघता येतात. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून डिसेंबर उजाडेपर्यंत, सकाळी किंवा उतरत्या उन्हात, उघड्या पठारावर किंवा कापणी झालेल्या शेतांवर मान वर करून पाहावे. कधी विजेच्या तारेवर रांगेने बसलेले असतात, कबुतराहून लहान. नर राखाडी, पायांच्या वर विटकरी तांबूस. उडताना पंखाखाली पांढरे चमकते. मादीच्या पांढरट छातीवर काळे ठिपके. घारीसारखे ते संथ घिरट्या घालत बसत नाहीत, चतुर पकडत सुळसुळ वर-खाली करतात, आणि पकडलेला चतुर पायात धरून उडता उडताच खातात. दुसऱ्या दिवशी त्याच तारेवर ते असतीलच असे नाही. रात्रीतून वारा चांगला मिळाला तर पहाटेपर्यंत ते अंजदीवच्या बरेच पलीकडे असतात.